शेंगा फोडणारे हात

विद्वान माणसं मी पुष्कळ पाहिली, पण दहावी नापास झालेल्या आमच्या शेजारणीइतकं ज्ञानी माणूस मला अजून भेटायचंय. वय वर्षं सोळा. नापास गणितात, आणि गावच्या शाळेत गणित शिकवणारा मी. निकालाच्या दिवशी तिच्या घरावरून मान खाली घालून निघालो होतो, तर तीच ओट्यावरून ओरडली, "सर, मनाले लावून नका घेऊ! तुमी बराबरच शिकवलं होतं."

तिचा उद्योग म्हणजे व्हिडिओ. शाळेत अडखळलेल्या पोरापोरींना ती ओट्यावर बसवायची, पाण्याच्या तांब्याला मोबाइल टेकवायची आणि म्हणायची, "सांग, शाळेत काय झालं?" अट एकच, बोलताना भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या. "हात रिकामे असले का माणूस खोटं बोलते," हा तिचा सिद्धांत. घरचं सगळं बियाणं तिने असं फुकटात फोडून घेतलं, हे तिची आई कौतुकाने सांगे. ओळख लपावी म्हणून व्हिडिओत चेहरा नाही, फक्त हात. एवढ्या हुशार मुलीला एवढं कळू नये? आमच्या गावात माणसं एकमेकांचे चेहरे विसरतील, पण शेतात निंदताना, कापूस वेचताना शेजारी चाललेले हात विसरायची नाहीत. सकाळी गावच्या ग्रुपवर व्हिडिओ आला की दुपारपर्यंत गिरणीवर हातांचा पत्ता लागलेला असे.

एकदा एक माउली गिरणीवरून तशीच पिठाच्या हातांनी आली. "हा अंगठा आमच्या पोट्ट्याचा हाय! विळ्याचा वण हाय त्याच्यावर. घरातलं काय सांगतलं त्यानं?" शेजारणीने शांतपणे व्हिडिओ पुन्हा लावला. पोरगा सांगत होता की सातवीपासून त्याला फळ्यावरचं दिसत नाही, पोरं चिडवतील म्हणून तो बाजूच्याच्या वहीतून उतरवून घेतो. माउली खाली बसली, चार शेंगा फोडल्या आणि उठून गेली. आठवड्यात पोराला चष्मा लागला. तीन वर्षं मी त्याच्यावर 'लक्ष कुठं हाय बे?' म्हणून ओरडत होतो. मला माझी लाज वाटली आणि त्या पोरीचा धाकही.

पण स्वतःचा पुरवणी परीक्षेचा फॉर्म काही ती भरेना. मुदत संपत आली, बाप सांगून थकला. मी समजवायला गेलो तर म्हणाली, "सर, तुमी कधी नापास झालते का?"

सोनाळ्याच्या शाळेत असताना मी दहावीत नापास झालो होतो, तेही गणितातच. हे माझ्या बायकोलासुद्धा ठाऊक नव्हतं. पोरीने मोबाइल तांब्याला टेकवला आणि शेंगांचं सूप माझ्यापुढे सरकवलं. मी फोडत गेलो आणि सगळं बोलून गेलो. माझी करंगळी कबड्डीत वाकलेली. संध्याकाळी घरी पोचलो तर बायको म्हणाली, "करंगळी लई खरं बोलून राह्यली आज."

दुसऱ्या दिवशी शेजारणीने मोबाइल माझ्या हातात दिला आणि स्वतः सूप घेऊन बसली. तिची नखं मुळापर्यंत खाल्लेली आहेत, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. अर्धं सूप तिने फोडून संपवलं. मग म्हणाली, "पेपर समोर आला का मले काईच दिसत नाही, सर. भेव वाटते." बाजूला टरफलांखाली फॉर्म पडला होता. भरलेला.

आता ती खामगावला अकरावीत आहे. घरी आम्ही नवरा-बायको शेंगा फोडायला बसलो की ही म्हणते, "बोला ना काई." मी तांब्याकडे बघतो. ती पोरगी समोर नसली की नुसत्या शेंगाच फुटतात.