आठवी शिकलेली लेखनिक

मशीनमावशींची शाळा आठवीनंतर सुटली होती, आणि ही गोष्ट कधी आपल्या कामी येईल असं त्यांना स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. तळमजल्यावर, खिडकीला लागून त्यांचं शिवणयंत्र होतं. सकाळी दहाला त्याची घरघर सुरू झाली की वरच्या मजल्यावरची माणसं घड्याळं जुळवून घेत. नावही त्यावरूनच पडलेलं.

एके दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या बाई खाली आल्या. त्यांच्या धाकट्या मुलीला जन्मापासून दिसत नव्हतं आणि ती यंदा दहावीला होती. परीक्षेत प्रश्न वाचून दाखवायला आणि ती सांगेल ते उत्तर लिहायला एक लेखनिक हवी होती. नियम असा की लेखनिक दहावी झालेली चालत नाही.

"म्हणजे कमी शिकलेलीच हवी?" मावशींनी विचारलं.

"हो. पण अक्षर चांगलं हवं. तुमची मापांची वही पाहिलीय मी."

"शाळा सुटल्याचं कौतुक आजच ऐकलं बाई," मावशी हसल्या आणि हो म्हणाल्या.

रोज दुपारी चारला धाकटी जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन खाली यायची आणि यंत्राशेजारच्या स्टुलावर बसायची. पहिल्याच दिवशी उताऱ्याखाली प्रश्न होता : निवेदक कोण आहे? धाकटीनं सांगितलं, "लहान भाऊ." मावशींनी तसं लिहिलं खरं, पण पेन पुढं सरकेना.

"अगं, लेखकाचं नाव खाली छापलंय. चांगला सत्तरीचा गृहस्थ आहे म्हणे. हा लहान भाऊ कुठून आला?"

"लेखक लिहितो, मावशी. गोष्टीत जो 'मी, मी' करून सांगतो, तो निवेदक."

"म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून बोलायचं?"

"तसंच."

"आणि तो खोटं बोलत असेल तर?"

"कधी कधी बोलतोही. मग ते आपण ओळखायचं."

मावशींच्या डोक्यात भुंगा शिरला तो तेव्हापासून. प्रत्येक नव्या शब्दापाशी त्या अडायच्या आणि मुलीला भंडावून सोडायच्या. मापांच्या वहीच्या मागच्या पानांवर त्या शब्द लिहू लागल्या. पुस्तकातली व्याख्या त्यांना पचत नसे, म्हणून पुढं आपलंच उदाहरण. 'पात्र : भांडं नव्हे. गोष्टीतलं माणूस. गोष्टीतलं मांजरसुद्धा.' 'सूचितार्थ : गिऱ्हाईक म्हणतं, सवडीनं द्या, काही घाई नाही. म्हणजे उद्या सकाळी दारात हजर.' धाकटी हसून हसून बेजार व्हायची, पण व्याख्या तिच्या डोक्यात पक्क्या बसायच्या.

परीक्षेत दोघींना कोपऱ्यातली वेगळी खोली मिळाली. समोर एक पर्यवेक्षक. भाषेच्या पेपरात एका कचेरीतल्या साहेबांवर उतारा होता. मावशी छान वाचत होत्या, पण 'साहेबांच्या वक्तशीरपणाचा आम्हा सर्वांना फार अभिमान होता' या वाक्याला त्यांना हसू आवरेना.

पर्यवेक्षक उठून आले. "बाई, तुम्ही वाचताय की उत्तर सांगताय? पुढचा प्रश्नच आहे, या वाक्याचा सूर ओळखा म्हणून. पुन्हा असं झालं तर मला वर कळवावं लागेल."

आपल्या हसण्यापायी पोरीचं वर्ष जाणार, एवढंच मावशींना दिसू लागलं.

धाकटी मात्र शांत होती. "सर, पुन्हा नाही होणार. मावशी, पहिला परिच्छेद परत वाचा. मापं वाचता तसा."

मावशींनी वाचला. छाती, कंबर, उंची वाचावी तसा, एका सुरात. धाकटीनं मान खाली घालून ऐकला, एक ओळ पुन्हा वाचायला लावली आणि मग सांगू लागली : "सूर उपरोधाचा आहे. साहेब जेवणाच्या सुट्टीत येतात. त्यांची खुर्ची पुसायचं काम शिपाई दुपारवर ढकलतो. त्यांच्या टेबलावरचं घड्याळ तीन वर्षं बंद आहे आणि कुणी विचारलेलं नाही. एवढं सांगून निवेदक अभिमान म्हणतो, तेव्हा त्याला उलटंच म्हणायचं आहे."

पर्यवेक्षक ऐकत उभे होते. मग ते जागेवर जाऊन बसले.

बाहेर आल्यावर मावशींना राहवेना. "माझ्या हसण्यावरून कळलं का गं तुला? खरं सांग."

"तुमच्या हसण्यानं तर घोटाळाच केला होता. मला वाटलं, तुम्हाला साहेब आवडले."

मावशी रस्त्यात थांबल्याच. आपलं हसू कुणाला असंही ऐकू येऊ शकतं, हा विचार त्यांना घरापर्यंत पुरला.

धाकटी चांगल्या गुणांनी पास झाली. वहीतली मागची पानं तिनं आपल्या शाळेत नेली आणि तिथल्या शिक्षिकेनं ती ब्रेलमध्ये उतरवून घेतली. मुलं ते शब्द बोटांनी वाचून खिदळायची आणि 'आणखी' म्हणायची. पुढच्या वर्षी दोन मुलांसाठी मावशींना बोलावणं आलं. त्याच सुमारास त्यांच्या मनानं घेतलं की आपणच दहावीला बसावं.

शिक्षिकेनं सावध केलं. "पास झालात तर दहावीच्या मुलांचं लेखनिक होता येणार नाही. माझी पंचाईत होईल."

आठ दिवस मावशींचं कशात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाची बाही त्यांनी उलटी जोडली. शेवटी धाकटीच म्हणाली, "मला बारावीला लेखनिक लागणारच आहे. बारावीला दहावी पास चालते."

मावशींनी अर्ज भरला. गणितात काठावर सुटल्या, भाषेत मात्र त्यांचे गुण ऐकून नवऱ्यानं गुणपत्रिका दोनदा उलटून पाहिली.

दहावीच्या मुलांसाठी त्यांनी वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आपल्या धाकट्या जावेला तयार केलं. जाऊबाई सातवी शिकलेल्या, अक्षर मोत्यासारखं. त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं, "मी मुकाट्यानं लिहीन, ताई. ते शब्दबिब्द मला काही सांगायचे नाहीत."

पंधरवडाही झाला नसेल, जाऊबाई भरदुपारी खाली आल्या आणि यंत्रावर हात ठेवून म्हणाल्या, "ताई, जरा थांबवा हे. अतिशयोक्ती म्हणजे नक्की काय हो?"

मावशींनी चष्मा कपाळावर चढवला. "बस खाली," त्या म्हणाल्या. "भावोजींचंच उदाहरण देते."