जी चोरी बानं केलीच नव्हती

“मोठ्यानं सांग. मागं ऐकू जात नाही.”

पाळकसाहेबांनी माइक बाच्या तोंडाला लावला. सांगलीतल्या चर्चचा हॉल भरलेला. पुढच्या खुर्च्यांवर बाहेरगावचे पाहुणे. बा स्टेजवर अनवाणी. चपला दारात काढायला लावलेल्या. फक्त आम्हालाच.

“मी चोर हुतो,” बा म्हणाला.

“आणखी?”

“दारू प्यायचो. उंदरं खायाचो.”

पुढच्या रांगेतल्या बाईनं नाकाला रुमाल लावला. मग टाळ्या. “प्रभूची स्तुती असो!” सगळा हॉल ओरडला. बाला वाटलं आपण काही चांगलं केलं. तो हसला. मी तेव्हा पाचवीत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण बा चोर नव्हता.

आम्ही कातकरी. साताऱ्याकडच्या डोंगरातून कृष्णेच्या काठाकाठानं खाली आलेलो. मळीच्या, म्हणजे गाळाच्या रानाखाली, नदीला लागून आमची खोपटं. बा ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकायचा. आई पाटीत मासे घेऊन दारोदार फिरायची. कारखान्यानं घाण पाणी सोडलं की मासे उलटे होऊन तरंगायचे, मग आमच्याही चुली बंद. गावात कुणाचं काही हरवलं की लोक आधी आमच्याकडं यायचे.

एकदा एका बागायतदाराच्या पाण्याच्या मोटारीची केबल गेली. त्यानं बाला बाभळीला बांधलं. रबरी पाइपानं मारलं. आई पाया पडत होती, तिलाही लाथ. पुढं कळलं, केबल त्याच्या पुतण्यानंच भंगारात विकलेली. बाला कुणी येऊन दोन शब्द बोललं नाही. बागायतदार रस्त्यात दिसला तर बाच मान खाली घालायचा.

त्या दिवसांत मिरजेहून एक म्हातारी नर्सबाई यायची. ख्रिस्ती होती. तिनं बाची पाठ धुतली, मलम लावलं. आमच्या खोपटात भुईवर बसून आमच्या ताटात माशाचं कालवण खाल्लं. जाताना म्हणाली, “माझ्या येशूलापन असंच बांधून मारलं हुतं. त्यानंबी काय केलं नव्हतं.”

बा लय रडला. त्या दिवसापासून तो येशूचा झाला. दर रविवारी वाळूत बसून आमची प्रार्थना. जाळं टाकायच्या आधी बा डोळे मिटायचा. नर्सबाई वारली आणि सांगलीचे पाळकसाहेब आमचे झाले. बानं विश्वासानं त्यांना बाभळीची गोष्ट सांगितली. त्यांनी त्यातला मार काढून टाकला. चोरी ठेवली.

मग दरवर्षी पाहुणे आले की बा स्टेजवर. मी चर्चच्या होस्टेलवर शिकत होते, म्हणून बा बोलायचा. मला ते माहीत होतं. म्हणून मीही गप्प.

बारावीला होते तेव्हा पाळकसाहेबांनी मला बोलावलं.

“या वर्षी तू साक्ष दे. मुलगी बोलली की पाहुण्यांचं मन हलतं. म्हणायचं, माझे वडील चोर होते, प्रभूनं मला त्या घाणीतून काढलं.”

मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, झालं.

हॉल तसाच भरलेला. बा दाराजवळ फरशीवर बसलेला. मी माइक घेतला.

“माझा बा चोर न्हाई. त्याला खोट्या चोरीसाठी बांधून मारलं. ते पाळकसाहेबांना ठावं हाय. उंदरं आमी खातो. भुईमुगाच्या रानातली. चांगली लागत्यात.”

कुणीतरी माइक बंद केला. मी मोठ्यानं बोलले, “इथं दरवर्षी माझ्या बाला खोटं बोलाय लावत्यात. येशूच्या नावानं!”

एकही टाळी नाही. दोघांनी दंड धरून मला खाली उतरवलं.

संध्याकाळी माझी ट्रंक होस्टेलच्या फाटकाबाहेर. पाळकसाहेब एवढंच म्हणाले, “साप पाळला आम्ही.”

आणि बा त्यांच्या पायांवर पडला. माझ्या देखत. “ल्हान हाय सायेब. चुकली. मी सांगतो की मी चोर हुतो. हितंच सांगतो.”

त्यांनी पाय मागं घेतले. फाटक लागलं.

बसमध्ये बा माझ्याकडं बघेना. आमच्या खोपटांत आठवडाभर माझ्याशी कुणी नीट बोललं नाही. माझ्यामुळं चर्चकडून दिवाळीनंतर येणारे तांदूळ, ब्लँकेट बंद झाले होते. बानं मला कधीच शाबास म्हटलं नाही. मागच्या पुरानंतर तापानं गेला. शेवटपर्यंत त्याला वाटत होतं, मी त्याचं नुकसान केलं.

मी आता माधवनगरला यंत्रमागाच्या कांड्या भरायला जाते. बारावी बाहेरून दिली. कॉलेजही बाहेरूनच चाललंय. येशूला मी सोडलेलं नाही. तो त्या हॉलच्या मालकीचा नाही. रविवारी वाळूत बसून प्रार्थना आता मी घेते.

पाळकसाहेबांनी निरोप पाठवला होता, क्षमा करायला शीक. बाभळीला बांधलेल्या माणसाला चोर म्हणून विकणाऱ्याला मी क्षमा करणार नाही.

परवा चर्चची जीप पुन्हा आली. पाहुण्यांसमोर कार्यक्रम आहे, पोरं पाठवा म्हणाले. नवीन कपडे देणार होते. पोरं धावली. मी जीपसमोर उभी राहिले.

“बाजूला हो,” ड्रायव्हर म्हणाला.

“न्हाई. घाला अंगावर.”

त्यानं हॉर्न दाबून धरला. मी हलले नाही. जीप उलटी वळून गेली. पोरं मला शिव्या देत होती. देऊ देत. पुन्हा येईल तेव्हाही मी रस्त्यात असेन.