शालूला चिकटलेली खाजकुइली

लग्नानंतर पहिल्यांदा सासरी, मानोऱ्याला जायचं ठरलं ते मार्गशीर्षात. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मानोरा आज वाशिम जिल्ह्यात आहे, तेव्हा अकोल्यातच होतं. लग्न आमच्याकडे नाशिकला झालेलं. आजारपणामुळे सासूबाई येऊ शकल्या नव्हत्या, म्हणून त्यांनी मला अजून पाहिलंच नव्हतं. आईने बजावलं होतं, एसटीतून उतरतानाही शालूच अंगावर हवा.

नाशिकरोडहून रेल्वेने मूर्तिजापूर आणि तिथून कारंज्यावरून एसटी. कारंज्याच्या स्टँडवर ह्यांनी गरम आलूबोंडे आणले. माझ्याशी अजून मोकळेपणी बोलत नसत, पण पुडा आधी माझ्या हातात दिला. पुढचा रस्ता खडबडीत, दोन्हीकडे तूर आणि वेचणीला आलेला कापूस.

मानोरा जवळ आलं आणि गाडी पंक्चर झाली. सकाळपासून अवघडून बसले होते. ह्यांना कसंबसं खुणेने सांगितलं आणि कुंपणाच्या झुडपांमागे गेले. वेलीवर मखमली तपकिरी शेंगा लोंबत होत्या. पदर त्यांत अडकला, मी ओढून सोडवला. परत आल्यावर ह्यांनी तो हाताने झटकून दिला.

गाडी सुटेपर्यंत मानेला खाज सुटली. मग हात, पाठ, पोट. घराच्या दारात पोचले तेव्हा अंगावर लाल चट्टे उठले होते. सासूबाई ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या, अंगणात बायका, ओट्यावर पुरुषमंडळी. मी मान खाली घालून पदराआडून खाजवत होते. हात आवरतच नव्हते.

शेजारच्या एक काकू पुढे आल्या, माझा हात उलटा करून पाहिला आणि सासूबाईंना म्हणाल्या, "हिले तं खरूज दिसते वो. लग्नाआधी सांगतलं नाई काहून?"

ताट हवेत थांबलं. सासूबाईंची नजर माझ्या हातावरून हलेना. मला सगळं कळत होतं, पण सांगायचं तर झुडपामागे गेले होते हे ओट्यावरच्या पुरुषांसमोर सांगावं लागणार. आपल्यामुळे वडिलांना खोटं ठरवतील, ह्या विचाराने रडू आलं.

तेवढ्यात हे म्हणाले, "खरूज नोय, आई. खाजकुयली लागली. गाडी पंक्चर झाली तवा झुडपामागं गेली होती ते. तिचा पदर म्या झटकला, माह्या हाताले पाह्य." त्यांचे तळहात लालभडक झाले होते.

ओट्यावर कुणीतरी हसलं. मी वाचले होते, पण धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं.

सासूबाईंनी ताट खाली ठेवलं आणि आम्हा दोघांना गोठ्यात नेलं. आडोशाला मला जुनं लुगडं नेसवलं, शालू पाण्यातून नीट काढून बाहेर उन्हात टाकला. ताजं शेण माझ्या अंगाला आणि ह्यांच्या तळहातांना थापलं. वाळू दिलं, मग ओढून काढलं; त्याबरोबर शेंगांची बारीक कुसं निघाली. चोळलं की ती आणखी रुततात, म्हणून त्या माझा हात धरून बसल्या होत्या. शेवटी अंघोळ आणि वरून खोबरेल. हिवाळ्यात त्या बाजूला जाणार असाल तर त्या शेंगांपासून लांब राहा. लागलीच तर कपडे आधी बदला. कुसं चिकटपट्टीनेही निघतात. डोळ्यांत गेली तर मात्र घरी काही करत बसू नका, थेट डॉक्टरकडे जा.

शेण वाळेपर्यंत मध्ये गाय आणि दोन बाजूंना आम्ही. ह्यांनी विचारलं, "चारचौघांत सांगतलं म्हणून राग आला काय?"

मी नाही म्हटलं. खरं तर आलाही होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी त्याच बायकांना पुन्हा बोलावलं. मला शालू नेसवून दाराबाहेर उभं केलं. निरांजनाचं ताट त्या काकूंच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "घे, तूच ओवाळ माह्या सुनेले." काकूंनी मान वर न करता ओवाळलं.

नाशिकला परतल्यावर आईने सासरची चौकशी केली. मी कारंज्याच्या आलूबोंड्यांचंच सांगत बसले. ती झुडपं आणि तो ओटा आठवला की आजही कान तापतात. पाहुण्यांसमोर हे तो किस्सा काढतात तेव्हा मी चहाच्या निमित्ताने आत जाते. पण "खरूज नोय, आई" हे शब्द येईपर्यंत दाराआड थांबते. मग चहाचं आधण ठेवते.