चौक लिहायला बसले तेव्हा

बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. बारवी धरणाच्या पलीकडच्या आमच्या पाड्यावर मी पोचले तेव्हा भिंत शेणाने सारवून, वर गेरू फासून तयार होती. आमच्यात लग्नाआधी भिंतीवर देवीचा चौक लिहितात. चित्र काढतात असं कुणी म्हणत नाही, लिहितात म्हणतात. माझं लग्न झाल्यापासून पाड्यावरचे बहुतेक चौक मीच लिहिलेले. बदलापूरला शिरगावात राहायला गेल्यावरही नवरा कंपनीत सुट्टी टाकून मला घेऊन यायचा.

तो गेल्यानंतरचं हे पहिलंच लग्न.

सवयीने मी भिंतीपाशी बसले, तांदळाच्या पिठाची वाटी पुढे ओढली. बहीण जवळ आली. हळूच म्हणाली, "ताई, चौक सवाष्णींनी लिहायचा असतो गं."

"ठाऊक आहे मला," मी म्हणाले आणि उठले.

मागच्या अंगणात तांदूळ वाटत बसले. आत बाया गात होत्या. गाणं मला पाठ होतं, पण तोंड उघडेना.

थोड्या वेळाने नवरी बाहेर आली, अंगाला हळद. "मावशी, त्यांना चौकातला घोडा जमत नाहीये. तू ये ना."

"आई काय म्हणते?"

तिने मागे दाराकडे पाहिलं. मग मी ओल्या मातीत बोटाने घोडा काढून दाखवला. आधी पाठ, मग मान, मग पाय. ती बघून आत पळाली. लग्नात दारातूनच मला तो भिंतीवर दिसला. मान जरा आखूड झाली होती.

शिरगावला परतल्यावर पुढच्या रविवारी मी खोलीची भिंत गेरूने रंगवली. चौक नाही लिहिला, तो लग्नाचाच. शेत लिहिलं, कोंबड्या लिहिल्या, डबा घेऊन रिक्षातून उतरणारा माणूस लिहिला. पीठ टिकावं म्हणून त्यात डिंक घातला.

समोरची शेजारीण कढीपत्ता मागायला आली. "अय्या, वॉलपेपर लावला का?"

"नाही. मीच लिहिलंय."

"मस्त दिसतंय! आणि हा कोण, रिक्षावाला?"

"आमचा माणूस. कंपनीतली पाळी संपवून येतोय."

मी कढीपत्ता तिच्या हातात दिला. तो मुठीत धरून ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "येते हं, कुकर लावलाय."

मी दार लोटून घेतलं. रिक्षाचं मागचं चाक राहिलं होतं. काडी पिठात बुडवली आणि तेवढं लिहून टाकलं.