नागपूर परराज्यात गेलं तेव्हा

राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर पलीकडे गेलं आणि आमचा पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिला. तिथल्या सरकारी दवाखान्यात मी तेव्हा नवाच डॉक्टर होतो, आणि रोगापेक्षा कागदाला जास्त भ्यायचो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते. जाम नदीच्या दोन्ही काठांवरून सावरगाव आणि पांढुर्णा एकमेकांवर दगड फेकतात. डोकं फुटलं की देवीचा अंगारा लावायचा आणि पुन्हा नदीत उतरायचं. त्या दुपारी सावरगावचा एक संत्र्याचा बागवाला कानशिलावर दगड खाऊन आला. आला तो स्वतःच्या पायांनी, बायकोशी हसत. मी तीन टाके घातले आणि स्वतःवर खूश झालो.

थोड्या वेळाने त्याने बायकोला विचारलं, "बैलं बांधले काय?" तिने हो म्हटलं. त्याने पुन्हा तेच विचारलं. मग तिसऱ्यांदा.

"किती जीव आहे हो बैलांवर!" मी कौतुकाने म्हणालो.

कंपाउंडरने आयुष्यात पुष्कळ गोटमारी पाहिल्या होत्या. तो म्हणाला, "साहेब, एकच गोष्ट इचारून राहिला. डोळे पाहा त्याचे."

मी बॅटरी मारली. एक बाहुली मोठी होती, उजेडाला दाद देत नव्हती. कवटीच्या आत रक्त साचत होतं. ते काढणारे हात नागपूरला होते आणि नागपूरची गाडी तासाभरात येणार होती.

अशा वेळी मी काय केलं? टेबलाशी बसून अर्ज लिहायला घेतला. परराज्यात रोगी पाठवायचा तर जिल्ह्याच्या ठिकाणी, छिंदवाड्याला बसणाऱ्या साहेबांची मंजुरी हवी, असं मी धरून चाललो होतो. 'सविनय'खाली रेघसुद्धा ओढली. तिकडे रोगी बेशुद्धीत घोरू लागला होता.

त्याची बायको टेबलासमोर येऊन उभी राहिली. "डाक्टरसाहेब, काय लिहून राहिले?"

"परवानगी मागतोय, बाई. नागपूर आता दुसऱ्या राज्यात आहे."

"माही ननंद तं तिथंच राह्यते. मी घेऊन चालली याले. तुमी तिथल्या डाक्टरले चिठ्ठी द्या."

मला लाज वाटली. चिठ्ठी दोन ओळींतच झाली. चौघांनी खाटेवरून त्याला स्टेशनवर नेलं, कंपाउंडर सोबत गेला. गाडी सुटल्यावर मी काय करावं? अर्ज पूर्ण केला आणि टपालात टाकला.

संत्र्याच्या हंगामात तो बागवाला चालत आला. टोपलीभर संत्री कंपाउंडरसमोर ठेवली आणि त्यातलं एक मला दिलं. तक्रार करायला मला तोंड नव्हतं.

छिंदवाड्याचं उत्तर त्याआधीच आलं होतं. एकच ओळ होती: अशा रोग्यासाठी परवानगी लागते, असे आपणांस कोणी कळविले?

कुणीच कळवलं नव्हतं.