अण्णांनी थांबवलेली मॅच

भिवंडीच्या आमच्या रायफल क्लबमध्ये मी पहिल्यांदा गेले तेव्हा अण्णा भोईर रायफलकडे नाही, रिकाम्या पुंगळ्यांकडे बघत होते. प्रत्येक गोळी झाडली की तिची पुंगळी ट्रेमध्ये ओळीने उभी करायची, आणि अण्णांनी बघितल्याशिवाय पुढची झाडायची नाही, हा त्यांचा नियम. टेमघरच्या शेतकरी घरातले अण्णा कापडाचे लूम दुरुस्त करता करता क्लबचे गुरू झाले. आज ते साठ वर्षांचे होतायत.

क्लबच्या परवान्यावर आम्ही काडतुसं पुन्हा भरतो. आमच्या खोलीच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना. म्हणून अण्णांचा दुसरा नियम: काडतुसात भरायची दारू मोजायची ती शुक्रवारी, लूम बंद असताना.

गेल्या वर्षीची जिल्हा मॅच खेळून अण्णा नेमबाजी थांबवणार होते. तिच्यासाठी टीमची सगळी काडतुसं मी भरली. मॅचच्या सकाळी प्रॅक्टिसला माझ्या दुसऱ्याच गोळीनंतर रायफलचा, पुंगळी बाहेर काढणारा बोल्ट अडकला. मी तळहाताने ठोकून उघडला. अण्णांनी पुंगळी उचलली.

"फायर बंद! सगल्यांनी."

पुंगळीच्या बुडाची टोपी, जिच्या कडा गोल असायला हव्यात, ती पार चपटी झाली होती. बाजूला पितळेवर चकचकीत ओरखडा.

"रायफल सांगतेय प्रेशर जास्त हाय, आन् तू तिलाच मारतेस, पोरी?"

कॅप्टन इक्बालभाई वैतागले. "अण्णा, एक टोपी के लिए मॅच छोड दें? आपकी भी तो आखरी मॅच है!"

"मॅच गेली तं गेली. पोरीचा डोला परत येल का?"

सगळी काडतुसं एकाच वेळी भरलेली, म्हणून एकही वापरायची नाही, असं अण्णांनी ठरवलं. सगळ्यांची काडतुसं त्यांनी स्वतः गोळा केली. आम्ही मॅचला गेलो नाही.

नंतर खोलीत त्यांनी मला एकटीला विचारलं, "कंदी मोजलीस दारू?"

"वजन बुकातलंच घेतलं होतं, अण्णा."

"बुकवाल्याच्या शेजारी लूम न्हाय. कंदी?"

"गुरुवारी. शुक्रवारी पाहुणे येणार होते."

अण्णांनी दारू मोजायचा काटा पुढे ठेवला, वजन लावलं. पलीकडे लूम चालू होते. त्यांच्या हादऱ्याने आमच्या डोळ्यांसमोर काट्यावरचं सरकतं वजन कणाकणाने पुढे गेलं. प्रत्येक काडतुसात थोडी थोडी दारू जास्त गेली होती.

क्लबला अण्णांनी एवढंच सांगितलं, "काटा हलला." माझं नाव आजपर्यंत त्यांच्या तोंडून निघालं नाही. पुढच्या शुक्रवारी माझ्या शेजारी बसून त्यांनी एकेक काडतूस उघडलं, दारू बाजूला काढली, आणि मला परत मोजायला लावलं.

म्हणून आज मीच लिहिते. इक्बालभाई, तो काटा माझ्यामुळे हलला. अण्णांची शेवटची मॅच माझ्या घाईने गेली.

अण्णा, यंदाच्या मॅचसाठी तुमचं नाव आम्ही परत दिलंय. नाही म्हणू नका. काडतुसं मीच भरणार, शुक्रवारीच. तुम्ही ठणठणीत राहा, शंभरी गाठा, आणि या वेळी तुम्ही झाडा. पुंगळ्या आम्ही बघतो.