बोटीतून आलेले

आयर्लंडमधल्या वॉटरफर्डमध्ये आमच्या शेजारचे दोन म्हातारे कुंपणावरून भांडत होते. डॉइलने कुंपण हातभर पुढे सरकवलं, असं शॉनचं म्हणणं. शेवटी तो ओरडला, "तुमची जातच लुटारू! बोटीतून आलात आणि आमचे मठ जाळलेत!"

डॉइल हे आडनाव परक्या व्हायकिंगांवरून पडलं, म्हणतात. त्या बोटी नदीत शिरल्या त्याला हजारावर वर्षं झाली. लुटारू इथेच राहिले, इथल्याच मुलींशी लग्नं करून इथल्याच मातीत मिसळले. राग मात्र कालचा वाटावा इतका ताजा होता. मला हसू फुटलं.

शॉन गर्रकन वळला. "तुला काय झालं हसायला? तू कधी आलीस इथे?"

मी डॉइलकडे पाहिलं. तो शॉनच्या शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, "बाई, हे आमचं घरचं भांडण आहे. तू आत जा."